तीन इंजिनं आणि एक गुडघा

जुनी गाडी निर्दोष होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात तिच्यावर जे आरोप झाले ते सगळे खोटे होते, आणि गाडीला वकील मिळत नाही. सिग्नल सुटला की ती एक उडी मारायची आणि बंद पडायची. मागून हॉर्न सुरू. मग आप्पा काच खाली करून मागच्याला दोन शब्द सुनवायचे आणि घरी आल्यावर चपला काढता काढता जाहीर करायचे, "तिच्या इंजिनात काही राम राहिला नाही."

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, कान लावला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, इंजिन ठणठणीत आहे." आप्पांनी मेकॅनिक बदलला. दुसराही तेच म्हणाला, तेव्हा त्यांनी गाडी बदलायचं ठरवलं.

बिघडला होता तो आप्पांचा डावा गुडघा. क्लच पुरता दाबला की आत कुणीतरी स्क्रू पिळावा तशी कळ यायची, पाय आपोआप वर यायचा आणि गाडी उडी मारायची. नाचता येईना अंगण वाकडं, एवढाच तो मामला. पण हे जगात एकट्या आप्पांना ठाऊक होतं, आणि ते तसंच राहावं म्हणून त्यांचा बंदोबस्त कडेकोट होता. जिना उतरताना मध्येच थांबावं लागलं तर ते भिंतीच्या रंगाची पाहणी करत. खुर्चीत बसताना तोंडून 'हं' निघालाच तर त्याला लगेच 'हं, तर मी काय म्हणत होतो' अशी शेपटी जोडत.

एवढी लपवाछपवी कशासाठी? तर मुलगा एकदा सहज म्हणाला होता, "आप्पा, ज्या दिवशी हातपाय कुरकुरायला लागतील त्या दिवशी चाव्या माझ्याकडे. मी ड्रायव्हर लावून देईन." मुलाने प्रेमानेच म्हटलं होतं. पण निवृत्त झाल्यापासून आप्पांकडची एकेक खाती अशीच प्रेमाने काढून घेतली गेली होती. विजेचं बिल मोबाइलमध्ये गेलं, भाजी दारात येऊ लागली, नळ गळला तर त्यांच्या हातातून पाना घेऊन कुणीतरी म्हणे, "राहू द्या हो." हातात एकच खातं उरलं होतं. माईला, म्हणजे बायकोला, हवं तिथे नेणं आणि परत आणणं. माईच्या पायाला भिंगरी. वाचनालयाची समिती, गाण्याचा वर्ग, बहीण, मैत्रिणी, दाताचा डॉक्टर. गाडी तिला येत नव्हती. ड्रायव्हर आला म्हणजे आप्पांनीही तिच्याबरोबर मागे बसायचं, गॅसच्या सिलिंडरसारखं. दुसऱ्याने चढवायचं, दुसऱ्याने उतरवायचं. त्यापेक्षा गुडघ्याची कळ परवडली.

आता गंमत अशी की आप्पा हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांनी लांबून ओळखावा, मापाचा तळ आतून उचललाय हे नुसत्या आवाजावरून सांगावं. उभ्या नोकरीत बाजारातला चहासुद्धा स्वतःच्या खिशातून प्यायले. त्यामुळे घरात रिवाजच पडला होता. दोन वस्तूंमधून एक निवडायची वेळ आली की आप्पांनी दोन्ही बाजू मांडायच्या, आणि आप्पांनी मांडल्या की त्यावर फेरतोल नाही. पंखा असो की गादी. "मुलाचं लग्नसुद्धा ह्यांनी असंच तोललं," माई सांगायची. "जमेला सून, नावे आपला मुलगा."

आयुष्यभर काटा मारणाऱ्यांना पकडलेला माणूस स्वतः काटा मारायला बसला तर त्याच्याइतका नामी कारागीर दुसरा नसेल, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. त्याला सराव नसतो.

छोटी एसयूव्ही घ्यायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. चढायला-उतरायला सोपी, गल्लीत मावणारी. मॉडेलही ठरलं. अडलं ते इंजिनावर. साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल, असे तीन उमेदवार होते. मुलगा कारखान्याच्या खरेदी विभागात. तो टाचणीसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेत नाही. त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मांडा, आप्पा."

आप्पांनी माहितीपत्रक आधीच भिंगातून वाचून काढलं होतं. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, एक ओळ होती: ऑटोमॅटिक गिअर फक्त टर्बो इंजिनासोबत. म्हणजे क्लच नाही. म्हणजे डाव्या पायाला गाडीत काही कामच नाही. ती ओळ वाचून आप्पांना तारुण्य परत मिळाल्यासारखं झालं होतं. पण टेबलावर त्यांनी तिचा उच्चारही केला नाही. ज्या मालावर आपला डोळा आहे त्याच्याकडे बघायचं नाही, हा बाजाराचा पहिला धडा.

"साधं पेट्रोल," त्यांनी सुरुवात केली. "स्वस्त. शांत. कुणाच्या अध्यात ना मध्यात." मग दिवंगताविषयी बोलावं तसे क्षणभर थांबले. "पण दम नाही."

"आणि डिझेल?"

"डिझेल ताकदवान. पण लांब पल्ल्याचं. आपला सगळ्यात लांबचा पल्ला म्हणजे तुझी मावशी. आणि तिच्याकडे जेवढं कमी जाऊ तेवढं..."

"अहो!" माई म्हणाली.

"डिझेलच्या दृष्टीने म्हणतोय मी. राहता राहिलं टर्बो." इथे आप्पांचा आवाज चढला. "टर्बो म्हणजे छातीच वेगळी! चढ आला, टर्बो. चार माणसं बसली, एसी लावला, टर्बो. ओव्हरटेक करायचं झालं..."

"आप्पा," मुलगा म्हणाला, "ते महाग आहे. पेट्रोलही जास्त पितं. आणि पंखा घेताना तुम्हीच म्हणाला होतात, तीन वेग पुरेत, पाचव्यावर काय उडायचंय?"

"पंखा जागेवर फिरतो. गाडीला पुढे जायचं असतं."

"तुम्ही उभ्या जन्मात कुणाला ओव्हरटेक केलंय?"

"केलंय की," माई म्हणाली. "रोडरोलरला."

"घ्या! बघ, तुझी आईच सांगतेय."

"तो उभा होता," माईने पुस्ती जोडली.

सून हसली नाही. तिचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यात बघून बघून तिला समोरच्याच्या नजरेवर लक्ष ठेवायची खोड लागली होती. आप्पांची नजर टर्बो म्हणताना लॅपटॉपकडे नव्हती. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानाकडे होती.

रविवारी सगळं कुटुंब शोरूमला गेलं. फरशी इतकी चकचकीत की माईने दारातच चपला काढल्या आणि सुनेने त्या परत घालायला लावल्या. टाय लावलेला विक्रेता पुढे आला. त्याच्या हसण्याला मापच नव्हतं, पण प्रश्न नेमका होता. "सर, महिन्याचं रनिंग किती?"

"फार नाही," मुलगा म्हणाला.

"खूप," आप्पा म्हणाले.

"मला सोडायचं आणि आणायचं, एवढंच," माई म्हणाली, "पण तेच खूप आहे."

विक्रेत्याने तिन्ही उत्तरं ऐकून घेतली आणि चौथं इंजिन सुचवलं, ते अजून बाजारात यायचं होतं. टर्बोची चाचणीची गाडी त्या दिवशी बाहेर गेली होती, पुढच्या रविवारी मिळेल म्हणाला. तोवर साधं पेट्रोल आणि डिझेल चालवून बघा.

आप्पा साध्या पेट्रोलच्या स्टिअरिंगवर बसले. विक्रेता शेजारी, बाकीचे मागे. फाटकापर्यंत सगळं ठीक. फाटकात थांबून पुन्हा निघताना क्लच दाबला, स्क्रू पिळला गेला, पाय वर आला, आणि कोरी गाडी जुन्या गाडीसारखीच उडी मारून बंद पडली.

"बघितलंत?" आप्पा कपाळ पुसत म्हणाले. "इंजिनात दम नाही."

विक्रेत्याच्या कारकिर्दीत ही गाडी फाटकात कधी बंद पडली नव्हती. तो म्हणाला, "सर, क्लच जरा सावकाश सोडा."

"मला शिकवू नका. मी बाजारातल्या गल्ल्यांतून सरकारी जीप चालवलीय."

डिझेलचा क्लच आणखी जड निघाला. गाडी आधी थरथरली, मग गपकन बंद पडली, आणि आप्पा स्टिअरिंग धरून काही वेळ डोळे मिटून बसले. "फार थरथरतं हे इंजिन," ते म्हणाले.

"इंजिन बंद आहे," माई मागून म्हणाली. "थरथरताय तुम्ही."

मग मुलाने दोन्ही गाड्या चालवल्या. दोन्ही लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. "मला तर काहीच वाटलं नाही, आप्पा."

"तुझं वजन जास्त आहे," आप्पा म्हणाले. "वजनाने गाडी बसते." वजनमापे खात्याच्या माणसाने हे बोलावं यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

घरी परतल्यावर मुलाने निकाल जाहीर केला. आकडे स्वच्छ होते, साधं पेट्रोल. सोमवारी नोंदणी करून टाकतो. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. साधं पेट्रोल म्हणजे क्लच, क्लच म्हणजे चौकात उडी, आणि कोरी गाडी उड्या मारायला लागली की मेकॅनिक बदलून भागणार नव्हतं. मग सगळ्यांच्या नजरा खाली, पायाकडे जाणार.

"थांब," सून म्हणाली. "मी दुकानात करते तसं करू. आप्पा, इकडे बसा. मी दोन पर्याय देणार, तुम्ही फक्त पहिला की दुसरा ते सांगायचं. विचार करायचा नाही. विचार केला की नंबर चुकतो."

आप्पा बसले. डोळे तपासायला बसलेला माणूस आपोआप शहाण्या मुलासारखा वागतो, हे तिला पाठ होतं.

"साधं पेट्रोल की टर्बो?"

"दुसरा."

"डिझेल की टर्बो?"

"दुसरा."

"टर्बो की डिझेल?"

"पहिला."

"झालं," मुलगा म्हणाला, "हे तर आम्हालाही..."

"तू गप्प. आप्पा, समजा, टर्बोला क्लच आहे आणि साध्या पेट्रोलला ऑटोमॅटिक. टर्बो की साधं?"

"दुसरा," आप्पा म्हणाले. ओघ लागला होता.

"टर्बोला क्लच, डिझेल ऑटोमॅटिक?"

"दुसरा."

"क्लचवालं विमान की ऑटोमॅटिक हातगाडी?"

"दुसरा," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय म्हणालो ते.

मुलगा लॅपटॉपकडे बघत होता, त्याच्या तक्त्यात हातगाडीचा रकाना नव्हता. माई मात्र पुढे झुकली. "म्हणजे क्लच नसलेलीही गाडी असते? मग पायाला पेडल किती?"

"दोन," सून म्हणाली. "पळायचं आणि थांबायचं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि ती आपण घेतोय. मला हवीय." सून मुलाकडे वळली. "दुकानात जायच्या रस्त्यावर क्लच दाबून दाबून माझा पाय भरून येतो. तुझ्या तक्त्यात माझ्या पायाचा रकाना आहे का?"

नव्हता. मुलाने तो घातला. बायकोचा पाय एकदा हिशेबात आला की कुठलंही खरेदी खातं वाद घालत नाही.

आप्पा पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. सून कपबशा विसळत होती. तिने मागे वळून न पाहता विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डावा."

आप्पांनी फ्रिजच्या रंगाची पाहणी सुरू केली.

"आप्पा, मी रोज अशी माणसं बघते. अक्षर दिसत नसतं, पण मान्य करायचं नसतं. म्हणतात, तुमचा फळाच पुसट आहे." तिने नळ बंद केला. "जुनी गाडी चांगली होती ना?"

"चांगली होती," आप्पा म्हणाले. "ह्याला सांगू नकोस. लगेच ड्रायव्हर आणून उभा करेल. मग मी काय करू? माई वाचनालयात गेली की मी खिडकीशी बसून तिची वाट बघायची?"

सुनेने हात पुसले. "नाही सांगत. पण डॉक्टरला दाखवायचं. आणि डॉक्टरने नको म्हटलं तर नको."

"डॉक्टर मी निवडणार."

"मेकॅनिकसारखा? नाही. डॉक्टर मी निवडणार."

त्या आठवड्यात आप्पा निमूट जाऊन आले. डॉक्टर म्हणाला झीज आहे, व्यायाम करा, क्लच टाळा, बाकी गाडी चालवायला हरकत नाही. आप्पांनी 'क्लच टाळा' हे शब्द दोनदा म्हणायला लावले. गाण्याच्या कार्यक्रमात आवडती ओळ पुन्हा मागावी तसे.

पुढच्या रविवारी टर्बो आली. आप्पा बसले, पट्टा लावला, डावा पाय राजासारखा बाजूला ठेवून दिला आणि निघाले. फाटकात थांबले, निघाले. चौकात थांबले, निघाले. उडी नाही, कळ नाही, हॉर्न नाही. चढावर त्यांनी चक्क एका सायकलवाल्याला मागे टाकलं. शोरूमच्या मागच्या मोकळ्या आवारात गाडी आणून उभी केली तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की विक्रेत्याने मनातल्या मनात नोंदणी करून टाकली.

आनंदात माणूस थोडं जास्त बोलतो. आप्पा तर फारच बोलले. "अरे, याला काही यावंच लागत नाही! एक पाय पुरे. नुसतं बसायचं आणि दाबायचं. कुणीही चालवेल. माईसुद्धा चालवेल!"

मागचं दार उघडलं. माई उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि आप्पांच्या काचेवर टकटक केली.

"काय झालं?"

"उतरा."

"अगं, मी आपलं उदाहरण म्हणून..."

"मी उदाहरण म्हणूनच बसतेय. उतरा."

विक्रेता शेजारच्या सीटवरून घाईने उतरला. "मॅडम, लायसन्स?"

"रस्त्यावर कुठे जातेय मी? तुमच्या अंगणातच फिरवणार. अंगणाला लायसन्स लागतं का?" हा प्रश्न विक्रेत्याच्या प्रशिक्षणात आला नव्हता. तो बाजूच्या गाड्यांच्या आरशांकडे बघत देवाचं नाव घेऊ लागला.

माईने सीट पुढे ओढली, इतकी की स्टिअरिंगला मिठीच मारली. आप्पा शेजारच्या सीटवर. मागे मुलगा आणि सून. तिने ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी आपणहून, पाळण्यातून बाळ रांगत निघावं तशी, पुढे सरकली. माई किंचाळली नाही. आप्पा किंचाळले.

"ओरडू नका," माई म्हणाली. "लग्नानंतर शिकायला बसवलं होतंत, आठवतंय? क्लच सोडताना एवढे ओरडलात की मी उतरून चालत घरी आले. तेव्हापासून म्हणतेय, आपल्याला ते तीन पेडलांचं जमायचं नाही." गाडी भिंतीशी आली. माईने ब्रेक दाबला, सगळ्यांच्या माना हलल्या, पण गाडी थांबली. तिने स्टिअरिंग फिरवलं आणि परत निघाली, माणूस चालेल त्या वेगाने. आवाराची एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली.

"वाचनालय माझं मी जाईन आता," ती म्हणाली. "परवाना काढते. गाण्याचा वर्गही. दाताच्या डॉक्टरकडे तुम्ही न्या, तिथे जाताना माझे हातपाय लटपटतात."

आप्पांनी मनात चाळून पाहिलं. इंजिन मिळालं होतं, आणि खात्यात दाताचा डॉक्टर उरला होता. अवघड आहे म्हणावं तर एक पाय पुरे हे आताच शोरूमभर सांगून झालं होतं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," माई म्हणाली.

आप्पांनी डावा पाय आत ओढून घेतला. "काय कळलं होतं?"

"हे सगळं माझ्यासाठी चाललंय ते. टर्बो काय, चढ काय, ओव्हरटेक काय. त्या चांगल्या गाड्या मुद्दाम बंद काय पाडल्यात! सरळ म्हणाला असतात, गाडी शीक, तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून एवढं सोंग. मुलाशी भांडलात, त्या टायवाल्याचं ऐकून घेतलंत, आणि माझ्यापाशी अवाक्षर नाही." तिने नाक ओढलं. गाडी जराशी वाकडी गेली. "इतक्या वर्षांत कुणी माझ्यासाठी एवढं भांडलं नव्हतं."

मागे सुनेला खोकल्याची उबळ आली.

न मिळवलेलं कौतुक आप्पांनी कधी घेतलं नव्हतं. "अगं, खरं सांगायचं तर... हा गुडघा..."

"गुडघ्याचं काय?" माईने मान वळवली.

"काय झालं गुडघ्याला?" मुलगा मागून पुढे झुकला.

आप्पांनी माईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगला गच्च धरलेले, डोळे पाणावलेले, आणि तोंडावर असा काही रुबाब, जो त्यांनी सरकारी जीपच्या आरशात स्वतःच्या तोंडावर पाहिला होता.

"लागतोय समोर," ते म्हणाले. "सीट फार पुढे आहे."

"मग घ्या मागे," माई म्हणाली. "आणि माझ्याकडे काय बघत बसलाय? समोर बघा. दोघांपैकी एकाने तरी बघायला नको?"